भाजीची हातगाडी बनवून घेताय? पुण्यातल्या विक्रेत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन गाडी म्हटलं की लोक आधी रंग, बोर्ड आणि छत्रीचं बोलतात, माल कसा टिकेल हे शेवटी. आमचं म्हणणं याच्या उलट आहे. तोडलेली भाजी जिवंत असते, तिच्यातून सारखं पाणी जात असतं, आणि पहाटे मार्केट यार्डातून चांगला भाव देऊन आणलेला माल संध्याकाळी पडेल त्या किमतीत द्यावा लागतो तेव्हा बऱ्याचदा दोष गाडीचा असतो. म्हणून खालच्या उत्तरांत दोन गोष्टी परत परत येतील: मालावरची सावली, आणि गाडी ढकलणाऱ्या माणसाचं शरीर.

सुरुवात कुठून करू? वेल्डरला माप सांगितलं की झालं ना?

थांबा, आधी एक वही घ्या. आठवडाभर रोज लिहा, कुठली भाजी किती किलो आणली, किती जुड्या, कधी संपली, काय उरलं, आणि उरलं ते गाडीच्या कुठल्या बाजूला ठेवलेलं होतं. हे शेवटचं कोणी लिहीत नाही आणि तेच सगळ्यात कामाचं आहे, कारण बहुतेक गाड्यांवर एखादा कोपरा असा असतो की तिथला माल रोज मार खातो, तिथं ऊन तरी येतं नाहीतर गिऱ्हाईकाचा हात तरी पोचत नाही.

मग रोजच्या रस्त्यावरून टेप घेऊन एक फेरी मारा. चढ किती, गटाराची झाकणं कशी आहेत, स्पीड ब्रेकर कुठे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रात्री गाडी लावणार त्या बोळाची रुंदी. पेठांमधे राहत असाल तर हे आधी मोजाच, गाडी दिवसभर मोठ्या रस्त्यावर मस्त चालेल पण रात्री घराच्या बोळात शिरली नाही तर तिला रस्त्यावर सोडून झोप लागणार नाही.

लांबी-रुंदी किती ठेवायची?

तुमच्याकडे फेरीवाला प्रमाणपत्र असेल तर त्यावर जी जागा दिली आहे तीच वरची मर्यादा, बाकी सगळं त्याच्या आत. त्यात बसत असेल तर ५ फूट बाय ३ फूट हे माप आम्हाला सगळ्यात बरं वाटतं.

३ फूट का? उभ्या माणसाचा हात न वाकता साधारण दीड-पावणेदोन फुटांपर्यंत पोचतो. गिऱ्हाईक एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या बाजूला, तर तीन फुटांत दोघांचे हात मधे भेटतात. रुंदी चार फूट केली की मधली पट्टी कोणाच्याच हाताला नीट येत नाही, तिथली वांगी हलवली जात नाहीत, खालची दबतात, आणि ती उचलायला विकणाऱ्या मावशींना दिवसभर कमरेत वाकावं लागतं.

५ फूट का, तर कॅरेटमुळे. आपल्याकडचं नेहमीचं प्लास्टिकचं कॅरेट साधारण २१ बाय १४ इंच असतं (तुमच्याकडचं मोजून बघा, कंपनीप्रमाणे थोडं बदलतं). ६० इंचात १४ इंचाची चार शेजारी शेजारी बसतात, आणि ३६ इंचांत एक उभं एक आडवं, म्हणजे खालच्या कप्प्यात सहा कॅरेट नीट जातात. एकदा हे जमलं की पहाटे टेम्पोतून उतरवलेलं कॅरेट सरळ आत सरकवायचं, ओतायचं नाही. प्रत्येक वेळी माल ओतला की टोमॅटोला मुका मार बसतो, तो सकाळी दिसत नाही पण दुपारी मऊ पडतो.

हातगाडी घेऊ, तीनचाकी सायकल घेऊ का टेम्पो?

एकाच चौकात उभं राहणार असाल तर हातगाडी. सोसायट्यांमधे फिरून विकत असाल, म्हणजे वारजे, बाणेर, वाघोली अशा पसरलेल्या भागात, तर तीनचाकी किंवा बॅटरीवरची गाडी बरी, नाहीतर ताकद सगळी फिरण्यातच जाते. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं सोलरवरची तीनचाकी भाजीगाडी तयार केलेली आहे, पालेभाजी फिरून विकणाऱ्यांनी तिची रचना जरूर बघावी. टेम्पोचा हिशोब पूर्ण वेगळा, डिझेल, इन्शुरन्स, पार्किंग, त्यावर इथे बोलत नाही.

आणि शेतकरी आठवडे बाजारात बसणाऱ्यांना गाडी लागतच नाही, त्यांनी घडीचं टेबल आणि वर चांगलं छत एवढंच करावं, पण छताचं आणि पाण्याचं खाली लिहिलंय ते त्यांनाही तसंच्या तसं लागू आहे.

चाकं कुठली लावू?

मोठी. चाक जेवढं मोठं तेवढं खड्ड्यातून आणि ब्रेकरवरून सहज निघतं. छोटी कॅस्टर चाकं मॉलमधल्या गुळगुळीत फरशीसाठी ठीक, आपल्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात. नेहमीच्या हातगाडीची सायकलसारखी मोठी तारांची चाकं अजूनही उत्तम आहेत, फक्त तारा जाड घ्या आणि भरीव रबर लावून घ्या म्हणजे पंक्चरची कटकट नाही. हवेचा टायर ढकलायला हलका आणि दणके कमी देतो, म्हणून फळवाल्यांनी, त्यातही स्ट्रॉबेरी, अंजीर, द्राक्षं असं नाजूक विकणाऱ्यांनी हवेचाच घ्यावा आणि पंप सोबत ठेवावा.

बेअरिंग बंद प्रकारचं, म्हणजे सील असलेलं घ्या. पावसाळ्यात उघड्या बेअरिंगमधे चिखल जातो आणि दिवाळीपर्यंत चाक रडायला लागतं.

आमच्याकडे चढ आहे. ढकलायला किती जोर लागेल?

ढोबळ हिशोब सांगतो. समजा रिकामी गाडी ७० किलो आणि माल १३० किलो, म्हणजे एकूण २००. सपाट रस्त्यावर चाकं चांगली असतील तर पाच-सहा किलोच्या जोरात ती चालत राहते. २० फुटांना १ फूट चढ आला की त्यात सरळ १० किलो वाढतात. १० फुटांना १ फूट असा उभा चढ असेल, बिबवेवाडीच्या वरच्या अंगाला किंवा धायरीच्या काही गल्ल्यांमधे असे आहेत, तर २० किलो वाढले, आणि हा जोर एकदा देऊन संपत नाही, चढ संपेपर्यंत प्रत्येक पावलाला द्यावा लागतो. पन्नाशीच्या बाईनं रोज दोनदा हे करायचं म्हणजे गुडघे आणि खांदे जाणार.

यावर उपाय एकच, गाडीचं स्वतःचं वजन कमी करा. लोखंडातला प्रत्येक वाचवलेला किलो हा एक किलो जास्त माल तरी किंवा एक किलो कमी ओझं तरी.

उतारावर मात्र प्रश्न उलटा आहे आणि जास्त धोक्याचा. २०० किलोची गाडी हातातून सुटली तर माणूस ती थांबवू शकत नाही. त्यामुळे हँडलला ब्रेकचा लिव्हर, त्याची केबल मागच्या दोन्ही चाकांना, आणि उभी केल्यावर चाकाला लावायला दोन लाकडी ठोकळे, तेही साखळीनं गाडीलाच बांधलेले. ठोकळे सुटे ठेवले की दोन दिवसांत गायब होतात आणि मग परत रस्त्यावरचा दगड शोधणं सुरू. ब्रेकवर पैसे वाचवू नका, बाकी कुठेही वाचवा.

फ्रेम कशाची करू?

१ इंची चौकोनी पाईप, १६ गेज जाडीचा, बहुतेक कामाला पुरतो. हा पाईप फुटाला साधारण साडेतीनशे ग्रॅम भरतो, म्हणजे ४० फूट पाईप लागला तर सांगाडा १५ किलोच्या आत. वेल्डर सवयीनं जाड अँगल लावायला बघतात, "मजबूत होईल हो" म्हणतात, आणि गाडी उगाच वीस-पंचवीस किलोनं जड होते. जाड लोखंड फक्त आसाच्या, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, आजूबाजूला आणि हँडलच्या जोडाला हवं, तिथे खरा ताण येतो. बाकी मजबुती जाडीतून येण्यापेक्षा तिरक्या पट्टीतून येते, चारही बाजूंना एकेक तिरकी पट्टी टाका, गाडी डुगडुगणार नाही.

पाईपची उघडी तोंडं बंद करून घ्या, नाहीतर आत पाणी जाऊन आतून गंजतो आणि कळतही नाही. गंज धरू नये म्हणून आधी रेड ऑक्साईडचा हात आणि मग ऑइल पेंट. स्टेनलेस चांगलं आहे पण महाग, सगळं स्टेनलेस करायची गरज नाही, ओली पालेभाजी जिथे ठेवणार तेवढा ट्रे स्टेनलेसचा किंवा फूड ग्रेड प्लास्टिकचा केला तरी काम होतं.

वरचा भाग सपाट ठेवू का उतरता?

उतरता, पण थोडाच. महात्मा फुले मंडईत जाऊन एकदा नीट बघा. इमारत १८८६ सालची आणि तिथली मांडणी अजून शिकण्यासारखी आहे, विक्रेता वर बसलेला आणि माल त्याच्यापुढे पायरी पायरीनं खाली गिऱ्हाईकाकडे उतरत येतो, त्यामुळे मागची भाजीसुद्धा दिसते आणि विकणाऱ्याचा हातही सगळीकडे जातो. गाडीवर आपल्याला तेच छोट्या प्रमाणात करायचंय.

गिऱ्हाईकाकडची कड २८ इंच उंच आणि तुमच्याकडची ३४-३५ इंच, म्हणजे तीन फुटांत सहा-सात इंच उतार. यापेक्षा जास्त केला तर टोमॅटो आणि लिंबं घरंगळतात. सरळ उतार देण्यापेक्षा तीन पायऱ्या करा आणि प्रत्येकीला पुढे दीड इंचाची पट्टी. ढकलताना या पायऱ्या आडव्या झोपवता आल्या पाहिजेत, त्यासाठी मागच्या बाजूला दोन टेकू बिजागरीवर बसवले की पुरे, जागेवर पोचलात की टेकू उभे करायचे.

मागची उंची ठरवताना वेल्डरच्या उंचीवरून ठरवू नका. जी व्यक्ती विकायला उभी राहणार तिलाच तिथे उभं करा, हात कोपरात वाकवायला सांगा आणि कोपरापासून तीन-चार इंच खाली खूण करा. नवरा-बायको आलटून पालटून उभे राहत असतील तर बायकोच्या मापानं करा, उंच माणसाला थोडं वाकणं जमतं पण बुटक्या माणसाला दिवसभर खांदे वर उचलून काम करणं जमत नाही.

तळ भरीव पत्र्याचा नको. पत्रा तापतो, आणि पाणी साचलं की खालची भाजी कुजते. एकेक इंच अंतरानं लाकडी किंवा पाईपच्या पट्ट्या, नाहीतर जाळी, आणि त्यावर गोणपाट. हवा खालून खेळली पाहिजे.

पालेभाजी दुपारी बारापर्यंत मान टाकते. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

पालेभाजीच्या वजनातलं साधारण तीन ते पाच टक्के पाणी गेलं की ती सुकलेली दिसायला लागते. पाव किलोच्या मेथीच्या जुडीतून दहा ग्रॅम, म्हणजे दोन चमचे पाणी गेलं की गिऱ्हाईक म्हणणार "शिळी आहे का?" भाजी आज पहाटेचीच असते पण दिसते कालची. तेव्हा सगळी लढाई त्या दोन चमच्यांची आहे.

पाणी तीन गोष्टींनी जातं, ऊन, वारा आणि कोरडी हवा. ऊन आणि वारा गाडीनं अडवायचे. पालेभाजीचा कप्पा नेहमी तुमच्या बाजूला, मागे, तीन बाजूंनी आठ-नऊ इंचाच्या भिंती असलेला ठेवा, भिंती गोणपाटाच्या असल्या तरी चालतात. बरेच जण कोथिंबीर पुढच्या कडेला रचतात, हिरवीगार दिसते म्हणून, आणि तिथेच रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा गरम वारा सारखा बसतो. पुढे दोन-तीन जुड्या दाखवायला ठेवा, संपल्या की मागून काढा.

कोरड्या हवेवर उपाय म्हणजे ओलं गोणपाट, आणि हा उपाय पुण्यात एप्रिल-मेमधे फार छान चालतो कारण आपला उन्हाळा कोरडा असतो. पाणी वाफ होताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, माठातलं पाणी गार होतं ते याच कारणानं. एक लिटर पाणी पूर्ण उडालं आणि त्याचा सगळा गारवा भाजीला मिळाला तर ५० किलो भाजी जवळजवळ १२ अंशांनी गार होईल एवढी ती ताकद आहे. प्रत्यक्षात अर्धासुद्धा मिळत नाही, बराचसा हवेत जातो, तरीही फरक हाताला कळतो. कप्प्याच्या तिन्ही भिंतींना दुहेरी गोणपाट, वरच्या कडेला बारीक भोकं पाडलेली पाण्याची नळी, तिला दोन लिटरची बाटली उलटी लावून थेंब थेंब पाणी, आणि खाली पन्हळ करून ते परत बादलीत. वीज लागत नाही, पंप लागत नाही. गोणपाट मात्र रोज रात्री धुऊन वाळवा, नाहीतर वास येतो आणि बुरशी धरते.

जुलै-ऑगस्टमधे हवाच दमट असते तेव्हा याचा उपयोग नाही आणि गरजही नाही. तेव्हा उलट भाजी कुजण्याची भीती जास्त, पाणी मारणं कमी करा.

भाजीवर शिंपडायचं पाणी पिण्याचंच पाहिजे. कोथिंबीर लोक वरवर धुऊन कच्ची खातात. गाडीवर २० लिटरचा जार ठेवायची जागा आसाच्या जवळ खाली करा, पाणी म्हणजे २० किलो वजन आहे हे हिशोबात धरा.

बर्फ ठेवला तर?

पालक, मेथी, कोथिंबीर, मटार, गाजर यांना गारवा मानवतो, पण बर्फ थेट पानांवर नको, खाली ट्रेमधे ठेवा. वांगी, काकडी, भेंडी, ढोबळी मिरची, टोमॅटो, केळी यांना अजिबात नको. या उष्ण प्रदेशातल्या भाज्या आहेत, फार थंडीत त्यांच्यावर डाग आणि खड्डे पडतात, केळ्याची साल तर १३ अंशांच्या खाली राहिली की करडी पडते. घरच्या फ्रीजमधे रात्री वांगी कोंबणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा.

उरलेला माल रात्री गाडीवरच ताडपत्रीखाली ठेवला तर चालतो का?

पालेभाजी आणि पिकलेली फळं एकत्र झाकू नका. पिकणारी केळी, आंबा, पपई, चिकू, लाल टोमॅटो यांच्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्यानं पाला पिवळा पडतो, कारली पिकतात, काकडी पिवळी होते. दिवसा उघड्यावर वाऱ्यानं तो उडून जातो, शेजारी ठेवलं तरी फार बिघडत नाही. पण ताडपत्री घट्ट बांधली की रात्रभर आतच कोंडतो. म्हणून खालचा कप्पा मधे पडदीनं दोन भागांत करा, आणि रात्री फळांच्या बाजूची ताडपत्री थोडी उघडी ठेवा, जाळी लावून, कारण उंदीर.

घरी अंगण किंवा गच्ची असेल तर दिल्लीच्या पुसा संस्थेनं सांगितलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधा. विटांच्या दोन भिंती, मधे ओली वाळू, वर गवताचं किंवा गोणपाटाचं झाकण, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. उन्हाळ्यात उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी विकण्यासारखी राहते.

कांदा-बटाट्याचं वेगळं. कांद्याला कोरडी हवा, बटाट्याला अंधार, उजेडात बटाटा हिरवा पडतो आणि तो खायला चांगला नाही. दोन्ही खालच्या कप्प्यात, म्हणजे वजनही खाली राहतं आणि गाडी वळणावर कलंडत नाही. ओल्या गोणपाटाचं पाणी त्यांच्यावर गळणार नाही एवढं बघा.

छत किती उंच? रंग कुठला?

रंग पांढरा किंवा फिकट. लाल छताखाली सगळंच लालसर दिसतं, निळ्या ताडपत्रीखाली टोमॅटो काळपट आणि पालक मेल्यासारखा दिसतो. गिऱ्हाईक भाजी हातात घेऊन छताबाहेर धरून बघायला लागलं की समजा रंग चुकलाय. कापड दुहेरी करा, मधे दोन-तीन इंच पोकळी, वरचं तापलं तरी खालचं तापत नाही.

आता महत्त्वाचं. मे महिन्याच्या मधल्या दिवसांत पुण्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा कुठलंही छत चालतं. खरा त्रास संध्याकाळच्या उन्हाचा. एप्रिलमधे पाचच्या सुमाराला सूर्य इतका खाली आलेला असतो की मालापासून चार फूट उंच असलेल्या छताची सावली साधारण आठ फूट पलीकडे पडते. गाडी तीन फुटांची! म्हणजे छत आहे आणि माल मात्र उन्हात, नेमका विक्रीच्या वेळी. यासाठी पश्चिमेच्या बाजूला खाली सोडता येईल असा पडदा हवाच. तो चारही बाजूंना अडकवता येईल अशा कड्या करून ठेवा, कारण उद्या जागा बदलली की दिशा बदलते. छताची कड मात्र साडेसहा फुटांच्या खाली नको, लोकांच्या डोळ्यात काड्या जातात.

वळवाच्या पावसात वारा छताला खालून उचलतो. छत दोन मिनिटांत मिटवता आलं पाहिजे, चार खांब चार पिना, स्क्रू नकोत. पावसाळ्यासाठी पाणी मागच्या बाजूला पडेल असा उतार द्या, गिऱ्हाईकाच्या मानेवर पागोळी नको.

संध्याकाळी लाईट कसा करू?

१२ व्होल्टचे ९ वॅटचे दोन एलईडी पुरतात. दोन्ही मिळून १८ वॅट, चार तासांचे ७२ वॅट-तास. साधी लेड ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणून १२ व्होल्ट १२ ॲम्पिअर-तासाची घ्या, तिच्या १४४ वॅट-तासांतले (१२ गुणिले १२) निम्मे बरोबर ७२. लिथियमची घेतली तर छोटी आणि हलकी चालते, महाग पडते. उजेडाचा रंग ४००० केल्विनच्या आसपास (उजेड पिवळट का पांढरा याचं हे माप), आणि खोक्यावर सीआरआय ९० (रंग किती खरे दिसतात याचं माप) लिहिलेलं मिळालं तर तेच घ्या, त्यात टोमॅटो आणि पाला खऱ्या रंगात दिसतात. दिवा गिऱ्हाईकाच्या डोळ्यात न जाता मालावर पडू द्या. शेजारच्या खांबावरून वायर ओढू नका, पावसात जीव जाऊ शकतो.

वजनकाटा, पैसे, पिशव्या?

काटा गिऱ्हाईकाला आकडा दिसेल असा, सपाट जागेवर. उतरत्या फळीवर काटा चुकीचं दाखवतो, म्हणून तुमच्या उजव्या हाताला फूटभर वेगळी आडवी फळी करा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो, कागद गाडीवरच ठेवा. क्यूआर कोड काट्याच्या शेजारी, ओल्या कप्प्यापासून लांब.

प्लास्टिकच्या हँडलवाल्या पिशव्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. कागदी पिशव्या आणि विकायला दोन-चार कापडी पिशव्या अडकवायला हुक ठेवा. निवडलेला पाला आणि देठं टाकायला फळीला एक भोक आणि खाली पोतं, रस्ता स्वच्छ राहतो आणि शेजारचा दुकानदार भांडत नाही. तो पाला गोठेवाले घेऊन जातात.

परवान्याचं काय? गाडी उचलून नेली तर?

पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. त्यानुसार महापालिका सर्वेक्षण करून प्रमाणपत्र देते, आणि शहर फेरीवाला समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात, त्यातल्या एक तृतीयांश बायका. माल जप्त केला तर यादी देणं बंधनकारक आहे, यादी मागून घ्या. नाशवंत माल तुम्ही मागणी केली त्याच दिवशी सोडावा लागतो आणि बाकीचा माल कामाच्या दोन दिवसांत, ठरलेली फी भरून. हे माहीत असलेला विक्रेता ठामपणे बोलू शकतो. अन्नपदार्थ विकता म्हणून एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणीही करून ठेवा, छोट्या विक्रेत्यांसाठी फी नाममात्र असते.

कर्ज मिळतं का?

पथविक्रेत्यांसाठी केंद्र सरकारची पीएम स्वनिधी योजना २०२० मधे सुरू झाली. आता पहिलं कर्ज १५,००० पर्यंत, ते फेडलं की २५,०००, मग ५०,०००. वेळेवर फेडणाऱ्यांना व्याजात ७ टक्के सवलत. पहिल्या कर्जातून आधी ब्रेक, चाकं आणि छत करा, रंगकाम नंतर.

पुण्यात सामान कुठे मिळेल?

लाकूड आणि फळ्या भवानी पेठेच्या टिंबर मार्केटला. दोर, ताडपत्री, किरकोळ हार्डवेअर रविवार पेठेत बोहरी आळीत. लाईट, बॅटरी, वायर तपकीर गल्लीत. टोपल्या बुरूड आळीत, आणि बांबूच्या टोपल्या नक्की घ्या, हलक्या असतात आणि हवा खेळती ठेवतात. जुने पाईप आणि चाकं बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात बघा, गंज तपासून. वेल्डर शक्यतो घराजवळचा निवडा, कारण पहिल्या महिन्यात दोन-तीन वेळा दुरुस्तीला जावंच लागतं.

फक्त फळं विकायची असतील तर?

सांगाडा तोच. पण थर कमी. आंबा, चिकू, पेरू यांचे दोनपेक्षा जास्त थर नकोत, खाली पेंढा किंवा कागदाचे तुकडे. पुरंदरची अंजीरं आणि सीताफळं एकाच थरात, तीही तुमच्या बाजूला, सगळ्यांनी दाबून बघितली तर संध्याकाळपर्यंत विकण्यासारखी राहत नाहीत. कलिंगडं नेहमी खालच्या कप्प्यात, आसाच्या बरोबर वर. कापलेली फळं विकायची असतील तर काचेची पेटी, वेगळी सुरी, हात धुवायचं पाणी, हे सगळं वेगळं लागतं, भाजीच्या गाडीवर ते जोडू नका.

नवीन गाडी आत्ता परवडत नाही, जुन्या गाडीतच काय करता येईल?

बरंच. या क्रमानं करा. पहिलं, पश्चिमेचा पडदा, जुनी पांढरी चादर आणि चार कड्या, आजच होईल. दुसरं, पालेभाजी पुढून मागे आणा आणि तिला गोणपाटाच्या भिंती करा. तिसरं, पत्र्याच्या तळाला ड्रिलनं भोकं पाडून घ्या आणि वर गोणपाट अंथरा. चौथं, मागची दोन चाकं काढून बेअरिंग बदला आणि ब्रेक बसवा. हे झाल्यावर ती वही परत काढा, आठवडाभर लिहा काय उरतंय आणि कुठे, आणि पुढचे पैसे त्या कोपऱ्यावर घाला.